हात खाली

दसरा झाला की तेलीबांध्याच्या तळ्याकाठी फिरायला आलेली माणसं चालता चालता थांबतात, नाक वर करतात आणि म्हणतात, "वाह, क्या खुशबू है!" नवी लग्न झालेली जोडपी त्या झाडांखाली उभी राहून फोटो काढतात. कुणी म्हातारा खाली पडलेला पांढरा गुच्छ उचलून बायकोच्या हातात देतो. मला त्या वेळी कुऱ्हाड आठवते. सातवीण फुललेली असते, अख्खी राजधानी त्या गोड, जड वासात बुडालेली असते आणि मी पदर नाकाला लावून भराभर घरची वाट धरते.

मला स्वतःला त्या वासाचा काही त्रास नाही. त्रास माझ्या मुलीला, रेवाला. ती आता पंचविशीत आहे. तिला ऑटिझम आहे. बोलते कमी, आणि जे बोलते ते बहुतेक कधीतरी ऐकलेलं, ज्याचं त्याच्या आवाजात. तिची आठवण भयंकर पक्की. सातव्या वर्षी कोणत्या दुकानात कोणत्या रंगाची बादली टांगलेली होती ते ती आजही बोट दाखवून सांगेल. इतर आयांना आपल्या मुलांनी सगळं लक्षात ठेवावं असं वाटतं. माझं मागणं उलटं आहे. एक गोष्ट, एका दुपारची, तिने विसरावी. ती काय हे मी माझ्या नवऱ्यालाही इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

हे हिंदी मुलुखातलं राज्य तेव्हा नवं होतं. पाच-सहा वर्षं झाली असतील. आम्ही वर्ध्याकडची माणसं, नवरा बांधकाम खात्यात इंजिनिअर, त्यामुळे राजधानी म्हणजे काय ते आम्ही आतून पाहत होतो. राजधानी म्हणजे धूळ. सकाळी उठावं तर शेजारचं जुनं घर जेसीबीनं अर्धं खाल्लेलं असायचं. रस्ते रुंद होत होते, भिंती पडत होत्या, पडणाऱ्या भिंतींसमोर बायका ओरडत होत्या. नवरा रात्री घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. आणि जिथे जिथे नवा रस्ता, तिथे तिथे दोन्ही बाजूंनी सातविणीची रोपं. लवकर वाढते, जनावरं तोंड लावत नाहीत, सावली दाट. "दहा वर्षांनी पाहजो तू," नवरा म्हणायचा, "कसं हिरवंगार दिसते गाव!" शंकर नगरातल्या आमच्या क्वार्टरच्या फाटकाशी तर आधीपासूनच एक चांगली वाढलेली सातवीण होती. रेवाच्या खोलीची खिडकी बरोबर तिच्यासमोर.

त्या झाडावर रेवाचा जीव होता. इतर मुलं खेळण्यांवर जीव टाकतात, तशी ही त्या फुलांवर. गुच्छ हातात घ्यायचा, दोन्ही तळव्यांमध्ये चुरडायचा, मग तळवे नाकाशी धरून डोळे मिटायचे. चेहरा असा शांत व्हायचा की मी कामं सोडून बघत उभी राहायची. एरवी दिवसभर तिचं माझं युद्ध चाललेलं असायचं. वेणी घालताना युद्ध, नखं कापताना युद्ध, मिक्सर लावला की युद्ध. झाड फुललेलं असेल तेवढे पंधरा दिवस त्या फुलांमुळे मला जरा श्वास मिळेल, असं मला वाटलं होतं.

बूढ़ापाऱ्यात, तलावाजवळच्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर अशा मुलांसाठी एक केंद्र नुकतंच उघडलं होतं. तिथल्या शिकवणाऱ्या दीदी वयानं लहान, पण उत्साही. आमच्यापैकी कुणालाच त्या नावानं हाक मारायच्या नाहीत, सगळ्या बायका "मम्मी". पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं, "मम्मी, जो चीज़ रेवा को सबसे प्यारी है, वही इनाम बनाइए. और हुकुम का एक ही शब्द रखिए, रोज़ वही."

रेवाला त्या दिवसांत एक नवी सवय लागली होती. उजवा तळहात नाकाखाली ठेवायचा आणि जोरात वर घासायचा, पार कपाळापर्यंत. दिवसातून शंभरदा. नाकाच्या शेंड्यावर एक आडवी रेघ उमटली होती. आता, ऑटिझमवाल्या मुलांच्या आईबापांना एक रोग जडतो. मूल तीच हालचाल पुन्हा पुन्हा करताना दिसलं की त्यांना दुसरं काही दिसेनासं होतं. हात फडफडवणं, गोल फिरणं, डुलणं, त्याच वहीत हे नाक घासणंही आम्ही लिहून टाकलं. दीदींनी ठरवलं, ही सवय मोडायची. शब्द मी निवडला. हात खाली. आणि बक्षीसही मीच निवडलं. हात खाली ठेवून पाच मिनिटं बसली की सातविणीचा एक गुच्छ.

हुशार बाईची कल्पना बघा! मी रोज सकाळी गुच्छ तोडून, पाणी शिंपडून, एका स्टीलच्या डब्यात भरून बूढ़ापाऱ्यात न्यायची. इतर आया लाडू-बिस्किटं आणायच्या, माझ्या डब्यातून वास दरवळायचा. दीदींनी चारचौघीत माझं कौतुक केलं. रेवा हात मांडीखाली दाबून बसायची, घड्याळाकडे टक लावून. गुच्छ मिळाला की नाक खुपसायची. पाच मिनिटांत हात पुन्हा नाकाशी. की मी ओरडलेच, "हात खाली!" की पुन्हा मांडीखाली. की पुन्हा गुच्छ.

आठवड्याभरात माझ्या मुलीनं डोकं आपटायला सुरुवात केली.

आधी उशीवर, मग पलंगाच्या काठावर, मग भिंतीवर. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि ज्यानं ऐकलाय त्याला सांगायची गरज नाही. कपाळावर टेंगूळ, टेंगळावर टेंगूळ. कानात बोटं घालून रक्त येईस्तोवर खुपसायची. जीभ टाळूला लावून कर्र कर्र असा चमत्कारिक आवाज काढायची, तासन् तास. रात्री तोंड उघडं टाकून घोरायची, डोळ्यांखाली काळं. एका सकाळी मी तिला मागून धरायला गेले तर तिनं डोकं मागे झोकलं, सरळ माझ्या तोंडावर. पुढचा दात अर्धा तुटला. मी बेसिनमध्ये रक्त थुंकत होते आणि ती तिकडे भिंतीशी, धाड, धाड. तुटलेला दात मी ओंजळीत घेऊन बघितला आणि मला माझ्या पोटच्या मुलीचा राग आला. दया नाही आली. राग आला. हे लिहायला मला जड जातं, पण खोटं लिहून काय मिळणार!

मग मीही हात उचलायला लागले. एकदा बूढ़ापाऱ्याच्या भर बाजारात तिनं नाक घासत घासत एका स्कूटरवाल्याच्या अंगावर झेप घेतली, त्याच्या दंडाला चावली. तो ओरडला, "बच्ची को सम्हालिए मैडम, पागल है क्या?" मी वळले. रेवाच्या थोबाडीत दिली. एक, मग दुसरी. गर्दी जमली. तिचं नाक गळत होतं, त्यात मारानं थोडं रक्त मिसळलं, आणि तिनं तरी तळहात वर नेला, नाक घासलं. मी त्या हातावर मारलं. "हात खाली! हात खाली म्हटलं ना!" माझा आवाज चिरकला होता. मोहल्ल्यातल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या.

नवऱ्याला कुणीतरी सांगितलं. संध्याकाळी बूटही न काढता तो दारात उभा राहिला.

"काहून मारून राहिली तू तिले?"

"मंग काय करू? तुम्ही सांभाळा न एक दिवस. रस्ते मोजत फिरता गावभर."

"अवं, पोट्टी हाय ते. तिले काय समजते?"

"सगळं समजते तिले. जिद हाय तिची, निस्ती जिद. दीदी बी तेच सांगते."

त्यानं माझ्या तुटक्या दाताकडे बघितलं आणि बूट काढायला वाकला. आम्ही दोघं जेवलो नाही. रेवा जेवली, तोंड उघडं ठेवून, घास आणि श्वास एकाच वाटेनं.

आता ती दुपार. दिवाळीला चारेक दिवस होते. घर झाडायला काढलेलं, माळ्यावरची धूळ खाली, ऊन कलतं. रेवाचे डोळे लालभडक, दोन्ही तळहात नाकावर, आळीपाळीनं, थांबता थांबेना. मी सांगितलं, ओरडले, मारलं, गुच्छ दिला, गुच्छ हिसकावला. मग माझ्या आत काहीतरी एकदम थंड झालं. मी खांद्यावरची ओढणी काढली, तिचे दोन्ही हात समोर धरले, मनगटाला मनगट लावलं आणि बांधले. दुसरं टोक पलंगाच्या पायाला. तिनं आश्चर्यानं बघितलं, ओरडलीसुद्धा नाही आधी. मी म्हटलं, "हात खाली." तिच्या मांडीवर एक ताजा गुच्छ ठेवला, कारण हात खाली होते, म्हणजे बक्षीस तिचं झालंच होतं. आणि मी स्वयंपाकघरात जाऊन चकलीचं पीठ मळायला घेतलं.

ती ओरडायला लागली तेव्हा मी नळ सोडला. मोठा. पीठ मळत राहिले. किती वेळ, ते मी घड्याळात बघितलं नाही.

आमच्याकडे सुखवंतीन कामाला यायची. ती आरंगकडच्या खेड्यातली, कापणी-मळणीच्या दिवसांत सुट्टी घेऊन गावी जायची आणि नुकतीच परतली होती. ती मागच्या दारानं आत आली, आवाज ऐकून खोलीत धावली. मी पोहोचले तेव्हा ती जमिनीवर बसून दातांनी गाठ सोडवत होती. रेवानं ओढून ओढून गाठ इतकी घट्ट केली होती की बोटांनी सुटेना. मनगटं सोलली होती. हात नाकापर्यंत पोहोचेना म्हणून तिनं नाक पलंगाच्या लाकडावर घासलं होतं, कातडी निघेपर्यंत. तोंडभर रक्त, शेंबूड, आणि त्याला चिकटलेली ती बारकी पांढरी फुलं.

सुखवंतीननं माझ्याकडे वर बघितलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. पोरीला का मारता, एवढंच तिनं आपल्या बोलीत विचारलं, "नोनी ल काबर मारथव दीदी? ओकर नाक खजुवावत हे."

खाज. नाकाला खाज सुटली होती. पोरीच्या नाकाला खाज सुटली होती, आणि ती खाजवत होती.

"धान मिंजे के बेरा हमर घलो अइसनेच होथे," ती म्हणाली. मळणीच्या वेळी भुसा उडतो तेव्हा आमचंही असंच होतं. तिनं आपली जीभ टाळूला लावून तोच कर्र कर्र आवाज काढून दाखवला. टाळूला आतून खाज येते, तिथे बोट जात नाही, म्हणून जिभेनं घासायचं. कानात आतून येते, म्हणून बोट खुपसायचं. आणि कपाळाच्या आत, डोळ्यांच्या मागे सगळं भरून ठणकायला लागलं की? मी विचारलं नाही. भिंतीवर ती डोकं आपटायची तिथला तेलकट डाग समोर होता.

"साहब ल झन बताबे," मी तिच्याच बोलीत तिला म्हटलं. साहेबांना सांगू नकोस. "हव," ती म्हणाली. रेवाच्या सोललेल्या मनगटांवर मी लांब बाह्या ओढल्या. सुखवंतीन आता नाही. तिनं कुणालाही सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी बॅटरी लावून नाकात बघितलं, त्याला मोजून एक मिनिट लागलं. मुलीला धरायला चार माणसं. आतून सगळं सुजून बंद झालेलं. "इन दिनों हवा में बहुत कुछ रहता है," ते म्हणाले, फुलांचे पराग, गवत, धानाचा भुसा, बांधकामाची धूळ. "घर में कोई फूल-वूल तो नहीं रखते?" नवरा माझ्याकडे बघायला लागला. माझ्या पर्समध्ये तो स्टीलचा डबा होता. मी सांगून टाकलं, तेवढं तरी. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जे मूल दुखतंय म्हणून सांगू शकत नाही, ते मारून सांगतं, एवढंच बोलले आणि औषध लिहायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं साइटवरून कुऱ्हाड आणली. सरकारी क्वार्टरमधलं झाड तोडायला परवानगी लागते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारचे बाबू म्हणाले, "साहब, परमिशन?" "परमिशन गेली चुलीत," तो म्हणाला आणि पहिला घाव घातला. मऊ लाकूड. प्रत्येक घावाला पांढरा चीक उडत होता, त्याच्या हातांवर, चष्म्यावर. आयुष्यात मुंगी न मारलेला माणूस, झाडाला शिव्या देत देत तोडत होता. रेवानं खिडकीतून बघितलं. तिला काय कळणार होतं? तिचं सगळ्यात लाडकं काही कुणीतरी ठार मारत होतं, इतकंच. ती धावत बाहेर आली आणि बापाच्या खांद्याला अशी चावली की व्रण अजून आहे. त्यानं तिला दूर केलं नाही. ती दातांनी लोंबकळत राहिली आणि तो घाव घालत राहिला.

झाड पडलं. संध्याकाळी वारा सुटला आणि वास आला, तसाच. सिव्हिल लाइन्सकडून, कलेक्टोरेटकडून, त्यानं स्वतः झाडं लावलेल्या सगळ्या रस्त्यांकडून. तो पायरीवर बसला होता. "किती तोडू?" असं त्यानं विचारलं, मला की कुणाला, कुणास ठाऊक.

औषध म्हणजे नाकात मारायचा फवारा. ते शब्दांत दोन सेकंदांचं काम आहे. आमच्या घरात ती कुस्ती होती. चादरीत तिला खांद्यापासून पायापर्यंत गुंडाळायचं, नवरा पायांवर, मी छातीवर गुडघा टेकून, एका हातानं कपाळ दाबून धरायचं. ती जिवाच्या आकांतानं किंचाळायची. शेजारी दार वाजवायचे. एकदा बाटलीचं टोक लागून घोळणा फुटला. बरं करायलाही आम्ही मारामारीच करत होतो. पण पाचव्या-सहाव्या दिवशी ती तोंड मिटून झोपली. मी रात्रभर तिच्या नाकाशी बोट धरून बसले, श्वास येतो-जातो ते बघत. दोन आठवड्यांत भिंतीवरचा आवाज थांबला.

पुढचं सगळं शिकत गेलो, ठेचा खात. फवारा आधी बापाच्या नाकात, मग माझ्या, मग बाहुलीच्या, मग तिच्या. पहिले कित्येक दिवस नुसती बाटली हातात धरणं, बस. नवरात्र उठलं की तिच्या खिडकीची झडप बंद, झाडू बंद, ओल्या फडक्यानं पुसणं. बाहेरून आलं की केस धुणं, त्यावरून पुन्हा युद्ध, पण छोटं. फुलांच्या जागी काय द्यायचं, यात तर एक वर्ष गेलं. शेवटी तिनंच निवडलं, ओल्या फडक्यात बांधलेली खसाची मुळं, कूलरमध्ये लावतात ती. एका पुठ्ठ्यावर मी नाकाचं चित्र काढून दिलं. खाज आली की त्यावर बोट ठेवायचं. दीदींना मी सगळं सांगितलं, अर्थात ओढणी सोडून. त्या खूप रडल्या. मला त्यांचा राग नाही. शब्द माझा होता, डबाही माझा होता.

पण पुढच्या वर्षी, दसरा होऊन तीन-चार दिवस झाले असतील, मी कपडे वाळत घालून आत आले तर रेवा दारात उभी. डोळे लाल. पहिली शिंक नुकतीच येऊन गेलेली. चित्राचा पुठ्ठा समोर टांगलेला होता, तिकडे तिनं बघितलंही नाही. खुंटीवरची माझी ओढणी तिनं काढून आणली होती. ती माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात पुढे केले, मनगटाला मनगट लावून. आणि माझ्या आवाजात, त्या दिवशीच्या माझ्या थंड आवाजात म्हणाली, "हात खाली."

तिला वाटत होतं, खाजेवर हाच इलाज असतो.

त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या ओढण्या वाटून टाकल्या. तेव्हापासून साडीच नेसते. लोक समजतात वयामुळे. ओढणी गेली, पण हात काही गेले नाहीत. दर वर्षी सातवीण फुलली की रेवा एकदा माझ्यासमोर येते, मनगटं जुळवून उभी राहते. औषधाची बाटली पुढे केली तरी घेत नाही, हात उलगडतच नाही. बांधलेले आहेत ना! पहिल्या वर्षी मी घाबरून ते ओढून वेगळे करायला गेले, तर किंचाळली. मग मला सुचलं. मी तिच्या मनगटांवर वाकले आणि नसलेली गाठ सोडवली. बोटांनी एक फेरा काढला, दुसरा काढला, टोक ओढून घेतलं, आणि शेवटी, सुखवंतीननं केलं होतं तसं, दातांनी. तेव्हा कुठे हात सुटले. तेव्हापासून दर वर्षी असंच चाललंय. नवरा कधी मधे आला तर मी म्हणायचे, खेळ हाय आमचा.

यंदा, परवाच. आता आम्ही तेलीबांध्याला फ्लॅटमध्ये राहतो, तो रिटायर झालाय, दिवसभर घरीच असतो. संध्याकाळी खिडक्या लावून मी वळले तर रेवा उभी. माझ्यापेक्षा वीतभर उंच झालेली, केसांत एखाद-दुसरा पांढरा. मनगटं जुळलेली. माझ्या बोटांना हल्ली संधिवात आहे, फेरे काढताना पटकन वळत नाहीत. नवरा चहाचा कप घेऊन दारात येऊन थांबला आणि या वेळी गेला नाही.

"काय खेळ हाय वं हा?" त्यानं विचारलं. "दर साली पाहून राहिलो मी."

मी रेवाच्या हातांवर वाकलेली होते. वर बघायचं धैर्य झालं नाही. "खेळ नाही," मी म्हटलं. "गाठ सोडून राहिले. मीच बांधली होती. त्या वर्षी, दिवाळीच्या आधी. पलंगाले."

कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पुढे काय येईल ते येवो, म्हणून मी तशीच थांबले, बोटं तिच्या मनगटावर. रेवाही थांबली होती. तिला शिंक येत होती आणि हात मोकळे नव्हते.

"मले मंग सांगजो," शेवटी तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "पहिले तिले सोड."

मी शेवटचा फेरा काढला, वाकले, दातांनी टोक ओढलं. रेवाचे हात सुटले. बाटली तिनं लगेच घेतली नाही. उजवा तळहात नाकाखाली नेला आणि जोरात वर घासला, पार कपाळापर्यंत, मग पुन्हा, मग पुन्हा, पोटभर. आम्ही दोघं उभे होतो. कुणी काही म्हटलं नाही.